श्रीरामपूरच्या आसपास धनुष्यबाणासाठी सरकारी जमीन: कुठली, कोणाची आणि कशासाठी

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप आहे. बोलण्यातली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी भाषा तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावर आहे. श्रीरामपूर तालुक्यातला, हरेगावच्या बाजूचा मुलगा आहे. त्यानं व्हॉइस मेसेज पाठवला: "दादा, मी कंपाउंड बो घेतलाय. यूट्यूबवर बघतो, अमेरिकेत लोक ॲप उघडतात, पब्लिक लँड शोधतात आणि तिथं जाऊन धनुष्यानं शिकार करतात. आपल्याकडं अशी सरकारी जमीन कशी शोधायची? हरेगावला तर एवढं मोकळं रान पडलंय, कोणी विचारत पण नाही."

छोटं उत्तर आधी देतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथंच थांबू शकतील. शिकारीसाठी अशी जमीन श्रीरामपुरात नाही, नगर जिल्ह्यात नाही (अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात अजून नगरच येतं), आणि देशात दुसरीकडंही नाही. सरकारी नाही, तशी खासगीही नाही. नुसत्या तिरंदाजीसाठी, म्हणजे टार्गेटवर बाण मारायला, जागा नक्की मिळू शकते. पण ती शोधायची रीत वेगळी आहे, आणि "कोणी विचारत पण नाही" हा त्यातला सगळ्यात धोक्याचा भाग आहे.

आता मोठं उत्तर.

आधी तो व्हिडिओतला प्रकार समजून घेऊ, कारण तो खोटा नाही. अमेरिकेत सरकारी जमीन अफाट आहे. त्यांच्या राष्ट्रीय वनांची जमीनच सुमारे १९ कोटी एकर भरते, आणि पश्चिमेकडच्या मोकळ्या रानांचा कारभार बघणारा जो केंद्रीय विभाग आहे त्याच्याकडं सुमारे २४ कोटी एकर. शिवाय राज्यांच्या स्वतःच्या जमिनी. पेनसिल्व्हेनियात 'स्टेट गेम लँड्स' नावानं १५ लाख एकरांच्या आसपास जमीन खास शिकारीसाठी आणि वन्यजीवांसाठी राखलेली आहे. त्या राज्याचा शिकार आयोग परवाना देतो, हंगाम ठरवतो, एका माणसानं किती हरणं मारायची तेही ठरवतो. शिकारी लोक जी ॲप वापरतात त्यात नकाशावर सरकारी जमीन एका रंगात, खासगी जमीन मालकाच्या नावासकट दुसऱ्या रंगात दिसते. म्हणून तिकडच्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, जमीन कुठली. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं परवान्यावर छापलेलीच असतात.

यात एक गोष्ट आपल्याकडच्या व्हिडिओ बघणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. तिकडं ही व्यवस्था बऱ्याच अंशी शिकाऱ्यांच्याच पैशावर चालते. १९३७ साली पिटमन-रॉबर्टसन नावाचा कायदा झाला. बंदुका आणि काडतुसांवरचा कर त्यानं वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडं वळवला. १९७० च्या दशकात धनुष्यबाणाचं सामानही त्यात आलं आणि त्यावर ११ टक्के कर बसला. म्हणजे तिकडचा माणूस बो घेतो तेव्हाच हरणांच्या गणतीचा थोडा खर्च देऊन टाकतो. त्यातल्या प्रत्येक गोष्टीशी मी सहमत आहे असं नाही, पण ती एक पूर्ण यंत्रणा आहे. तिचा फक्त शेवटचा तुकडा, म्हणजे माणूस, बो आणि हरीण, कापून इथं आणता येत नाही. आणि 'फॉरेनला सगळीकडं चालतं' असंही नाही. ब्रिटनमध्ये शिकारीची परंपरा मोठी आहे, तरी धनुष्यानं वन्यप्राणी मारायला तिथं बंदी आहे, १९८१ च्या कायद्यानं.

आपल्याकडं काय झालं? आपल्याकडंही परवान्याची पद्धत होती. मुंबई राज्यात १९५१ साली वन्य प्राणी आणि वन्य पक्षी संरक्षणाचा कायदा आला, त्यात शिकारीचे परवाने होते. १९७२ चा केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्यातही सुरुवातीला परवाने होते: मोठ्या शिकारीचा वेगळा, छोट्या शिकारीचा वेगळा. १९९१ च्या दुरुस्तीनं ते सगळं काढून टाकलं आणि कलम ९ मध्ये सरळ बंदी आली. म्हणून घरातले आजोबा "आम्ही लायसन काढून ससे मारायचो" असं म्हणाले तर ते खोटं बोलत नाहीत. ते लायसन देणारं कलमच आता राहिलेलं नाही.

या कायद्यातल्या दोन व्याख्या आपल्या मित्रानं नीट वाचाव्यात. पहिली 'शिकार'. प्राणी मेला तरच शिकार झाली असं कायदा म्हणत नाही. मारण्याचा प्रयत्न, सापळा लावणं, हाकारे घालून हुसकणं, आमिष ठेवणं, जखमी करणं, पक्ष्याचं घरटं किंवा अंडी बिघडवणं, हे सगळं शिकारीतच येतं. बाण चुकला तरी प्रयत्न झालाच. दुसरी व्याख्या 'हत्यार'. माझ्या डोक्यात होतं की हत्यार म्हणजे बंदूक. कलम २ मध्ये हत्याराच्या यादीत धनुष्य आणि बाण नाव घेऊन लिहिलेले आहेत. जाळी, विष, फास यांच्या शेजारी. त्यामुळं "हे तर स्पोर्ट्सचं सामान आहे" हा बचाव शेतात ससा पडलेला असताना चालणार नाही. गुन्ह्यात वापरलेलं हत्यार आणि गाडी जप्त झाली की ती सरकारजमा होण्याची तरतूद कलम ३९ मध्ये आहे. चाळीस-पन्नास हजारांचा बो आणि वडिलांची मोटरसायकल, दोन्ही.

शिक्षा काय? २०२२ च्या दुरुस्तीनंतर प्राण्यांच्या दोन मुख्य अनुसूची राहिल्या. पहिल्या अनुसूचीत बिबट्या, काळवीट, मोर, लांडगा, घोरपड अशी मंडळी. यांच्या बाबतीत गुन्हा सिद्ध झाला तर कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. अभयारण्यात शिकार केली तर प्राणी कुठलाही असो, हीच शिक्षा. दुसऱ्या अनुसूचीत ससा, रानडुक्कर वगैरे. तिथं ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. "सशाला कोण विचारतं" असं पारावर म्हणायला ठीक आहे. आणि हे सगळं प्राण्याशी जोडलेलं आहे, जमिनीशी नाही. ससा तुमच्या सातबाऱ्यावरच्या वावरात चरत असला तरी तो तुमचा होत नाही. मारलेला किंवा मेलेला सापडलेला वन्यप्राणी ही राज्य सरकारची मालमत्ता, असं कायदा सांगतो. म्हणून आपल्याकडं शिकारीच्या बाबतीत 'जमीन कुठली' हा प्रश्न येतच नाही. त्याच्या आधीच दार बंद आहे.

इथं दोन 'पण' नेहमी येतात.

एक, पिकाचं नुकसान. रानडुकरानं मका लोळवला तर शेतकऱ्यानं काय करायचं? कलम ११ मध्ये सोय आहे. माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासकट मालमत्तेला धोका झालेल्या दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी अशा परवानगीची पद्धत शासन निर्णयानं घालून दिलेली आहे. पण तो नुकसान झालेल्या शेतकऱ्याच्या अर्जाचा रस्ता आहे, वनखात्यातून जाणारा. हौशी माणसाला त्यात जागा नाही. बातम्यांमध्ये 'उपद्रवी' हा शब्द येतो तो वेगळा. कलम ६२ खाली केंद्र सरकार एखादा प्राणी ठरावीक भागासाठी, ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर करतं. २०१५-१६ मध्ये बिहारमध्ये रोही आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात माकड असं झालं होतं. तिकडची ती जुनी बातमी व्हॉट्सॲपवर फिरते आणि लोकांना वाटतं आपल्याकडं सूट मिळाली.

दोन, स्वसंरक्षण. "रात्री उसाला पाणी भरायला जातो, बिबट्या आला तर?" खरा प्रश्न आहे, आणि श्रीरामपूरकरांना तो मी सांगायची गरज नाही. जीव वाचवायला सद्हेतूनं प्राण्याला मारलं किंवा जखमी केलं तर तो गुन्हा नाही, हे कलम ११ मध्येच आहे. पण त्याला एक अट जोडलेली आहे: त्या वेळी तुम्ही हा कायदा मोडण्याचं दुसरं काही काम करत असाल तर ही सूट मिळत नाही. म्हणजे दारं धरायला गेलेला शेतकरी आणि सशासाठी बो घेऊन उसात शिरलेला पोरगा यांच्यासमोर एकच बिबट्या आला, तरी कायद्याच्या नजरेत ते दोघं सारखे नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. धनुष्यबाण आपल्या भागात यूट्यूबवरून आलेला नाही. उत्तर नगरच्या गावागावांत भिल्ल वस्त्या आहेत. पारध हा शब्दच ज्यांच्या नावात आहे तो पारधी समाज जिल्हाभर आहे. पारध्यांना १८७१ च्या कायद्याखाली इंग्रजांनी जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, तो शिक्का देशपातळीवर १९५२ मध्ये पुसला, आणि वीस वर्षांत वन्यजीव कायदा येऊन पोटापाण्याचा धंदाच बेकायदा झाला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगलातल्या लोकांचे पारंपरिक हक्क मान्य केले. चराई, गौण वनउपज, पाणवठे, सगळं. त्यात शिकारीचा पारंपरिक हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळला आहे. ज्यांचं जगणं शिकारीवर होतं त्यांनासुद्धा जे मिळालं नाही, ते शनिवार-रविवारच्या हौसेला मागायचं, हे मला तरी पटत नाही.

बरं, शिकारीचं संपलं. आता त्या मोकळ्या रानाकडं येऊ, कारण टार्गेट लावून सराव करायचा तरी जागा लागतेच.

श्रीरामपूर तालुक्याला डोंगर नाही, मोठं जंगल नाही. प्रवरेचं कालव्याचं पाणी, सपाट काळी जमीन आणि ऊस. त्यामुळं इथं 'मोकळं दिसणारं' रान म्हणजे बहुतेक वेळा पुढीलपैकी काहीतरी असतं: शेती महामंडळाची जमीन, गायरान, पाटबंधारे खात्याची कालव्यालगतची पट्टी, रेल्वेची हद्द, किंवा कुणाचं तरी पडीक वावर. पाचही गोष्टी कुंपणाशिवाय असतात आणि लांबून सारख्याच दिसतात.

हरेगाव आणि टिळकनगरचं सांगतो. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना, टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स. दोघांनी इंग्रजी अमलात आजूबाजूच्या गावांची हजारो एकर जमीन उसासाठी घेतलेली होती, त्यातली बरीच शेतकऱ्यांकडून खंडानं. कमाल जमीन धारणेचा १९६१ चा कायदा आल्यावर कारखान्यांच्या या जादा जमिनी सरकारकडं गेल्या आणि त्या कसायला १९६३ साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झालं. ज्यांच्या आजा-पणज्यानं जमीन खंडानं दिली ते खंडकरी शेतकरी पुढं कित्येक वर्षं ती परत मागत राहिले. मोर्चे, कोर्ट, कायद्यात दुरुस्त्या, आणि मग टप्प्याटप्प्यानं वाटप. हरेगाव मळ्याभोवतीच्या गावांचा आकारी पडीत जमिनींचा लढा हा आणखी वेगळा. उरलेली जमीन महामंडळ टेंडर काढून कसायला देतं. म्हणजे जे 'पडलेलं रान' तू बघतोस, त्यातल्या एका तुकड्यावर महामंडळाचा ताबा असतो, दुसरा एखाद्या टेंडरवाल्याकडं असतो, तिसरा नुकताच खंडकऱ्याच्या नावावर चढलेला असतो, आणि चौथ्यावर कोर्टाची तारीख चालू असते. शंभर वर्षं ज्या जमिनीसाठी लोक भांडतायत तिथं तू टार्गेट रोवलंस तर कोणी विचारणार नाही असं नाही. उलट एका वेळी तीन माणसं विचारायला येतील.

मग गायरान? ती तर गावाची. इथं 'सार्वजनिक' या शब्दाचा घोळ होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २२: जिल्हाधिकारी सरकारी जमीन ठरावीक कामासाठी राखून ठेवू शकतात, जसं गुरचरण, सरपण, दहनभूमी. कलम २३ म्हणतं की गुरचरणावर चरायचा हक्क त्या गावच्या गुरांचा. बघा, माणसाचा सुद्धा नाही, गुरांचा, आणि तोही त्याच गावच्या. म्हणजे गायरान 'सगळ्यांचं' नाही, ते एका कामाचं आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्रानंही शासन निर्णय काढला, आणि तेव्हापासून गायरानाचा विषय प्रत्येक गावात नाजूक आहे. तिथं बांबू रोवून, मातीचा ढीग टाकून कायमची रेंज केली तर ते अतिक्रमणच दिसणार.

बाकीच्यांचं पटकन. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना घुसणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा, ६ महिन्यांपर्यंत कैद, तेव्हा रुळाच्या कडेचं माळरान डोक्यातून काढ. कालव्याचा भराव बाणासाठी चांगला आडोसा वाटतो, पण भरावाच्या पलीकडून रस्ता जातो आणि रस्त्यावरनं माणसं. राखीव वनात परवानगीशिवाय शिरण्यालाच बंदी. अभयारण्यात हत्यार घेऊन जायला लेखी परवानगी लागते, आणि हत्यारात बो येतो हे आत्ताच बघितलं. आपल्या जिल्ह्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे, अकोल्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड आहे, आणि नेवासा-शेवगावकडचा नाथसागराचा फुगवटा जायकवाडी पक्षी अभयारण्यात येतो. श्रीरामपूरहून नेवासा किती लांब आहे? पिकनिकला जाताना बो गाडीत राहिला तरी उत्तर देत बसावं लागेल.

आता शोधायचं कसं, ते सांगतो. माझा धंदा सॉफ्टवेअरचा असल्यामुळं मला वाटलं होतं की नकाशाचा एखादा थर मिळेल, सरकारी जमीन हिरवी, खासगी पिवळी. तसा तयार थर नाही, पण माल सगळा आहे. महाभूनकाशाच्या साइटवर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गटांचा नकाशा उघडतो. ज्या तुकड्यावर उभा आहेस त्याचा गट नंबर तिथून काढ. तो नंबर महाभूलेखवर टाकला की सातबारा दिसतो. डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपयांत मिळतो. सातबाऱ्यात आधी भूधारणा पद्धत बघ. 'सरकारी' आहे की भोगवटादार वर्ग १, वर्ग २. मग नाव: महाराष्ट्र शासन, शेती महामंडळ, वन विभाग, की कुणी शेतकरी. मग 'इतर अधिकार' हा रकाना, जो कोणी वाचत नाही आणि सगळी भानगड तिथंच असते: बोजा, कोर्टाचा मनाई हुकूम, विक्रीला बंदी, गुरचरणाची नोंद.

आणि ज्यांना गावाचं पूर्ण चित्र पाहिजे त्यांच्यासाठी खरा खजिना तलाठ्याकडं आहे. तलाठी म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी. सातबारा हे गावच्या दप्तरातले फक्त दोन नमुने, सात आणि बारा. गाव नमुना १-अ म्हणजे वनजमिनींची नोंदवही. १-ब म्हणजे बिनभोगवट्याच्या, थोडक्यात सरकारच्या हातातल्या, जमिनींची. १-इ म्हणजे अतिक्रमणांची. अमेरिकेतल्या त्या ॲपमध्ये जे रंग दिसतात ते आपल्याकडं या वह्यांमध्ये आहेत. माझ्या ओळखीच्या गावाचा १-ब मी बघितला. दोन पानांत संपला. स्मशान, शाळा, गावतळं, गायरान, रस्ता. प्रत्येक गटासमोर काम लिहिलेलं. 'मोकळी, कशालाही वापरा' अशी एकही ओळ नव्हती.

म्हणून तिरंदाजीसाठी माझा सल्ला सरळ आहे: सरकारी जमीन शोधत फिरू नकोस. मैदान किंवा खासगी वावर शोध.

मैदान म्हणजे तालुक्याचं क्रीडा संकुल, शाळा-कॉलेजचं ग्राउंड. तिथं लेखी अर्ज कर: कोणता बो, किती पौंडाचा, कोण शिकवणार, कोणत्या वेळी, मागं काय आडोसा. जिल्हा धनुर्विद्या संघटनेमार्फत गेलास तर अर्जाला वजन येतं, आणि स्पर्धेत उतरायचं असेल तर तो रस्ता कधीतरी धरावाच लागतो. मुख्याध्यापकांची पहिली भीती पोरांच्या सुरक्षिततेची असते आणि ती रास्त आहे.

खासगी वावराला कमी समजू नकोस. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला जागतिक स्पर्धेत कंपाउंडची दोन्ही वैयक्तिक सुवर्णं एकाच दिवशी महाराष्ट्राकडं आली, आदिती स्वामी आणि ओजस देवतळे. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत सरांच्या दृष्टी ॲकॅडमीत तयार झालेले, आणि ती ॲकॅडमी उसाच्या शेताची जागा मोकळी करून उभी राहिलेली. ऊस तर आपल्याकडं काही कमी नाही.

जागेचा हिशेब असा. कंपाउंडचं स्पर्धेचं अंतर ५० मीटर, रिकर्व्हचं ७० मीटर. पण जागा ५० मीटरची लागत नाही. बाण सुटतो तो सेकंदाला ८०-९० मीटरच्या वेगानं. सरळ टार्गेटवर मारताना प्रश्न नाही. हात वर असताना ट्रिगर सुटला तर तोच बाण तीन-चारशे मीटर जाऊ शकतो. एक एकर म्हणजे साधारण ४,००० चौरस मीटर, म्हणजे २० मीटर रुंद आणि २०० मीटर लांब पट्टा. त्यात तू एका टोकाला, टार्गेट ५० वर, त्याच्या मागं पुरुषभर उंचीपेक्षा जास्त मातीचा बांध, आणि बांधामागंही मोकळी जमीन. धनुष्य ताणताना हात टार्गेटच्या उंचीच्या वर न्यायचाच नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून.

आणि हे नीट ऐक: मागं उभा ऊस म्हणजे आडोसा नव्हे. उसात माणूस दिसत नाही. दारं धरणारा असतो, पाला काढणाऱ्या बायका असतात, तोडीच्या दिवसांत टोळीतली लहान पोरं उसाच्या कडेला झोपलेली असतात. बाण उसातून आरपार जातो आणि आवाज येत नाही. या सगळ्या भागात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची, कलमांची नंतर.

वावर दुसऱ्याचं असेल तर मालकाचं संमतीपत्र घे, साध्या कागदावर, गट नंबर घालून. मालक म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेले सगळे. चुलत्यांमध्ये वाटणी झालेली नसेल तर एकाची सही पुरत नाही. फी घेऊन कायमची ॲकॅडमी काढायची असेल तर बिनशेतीचा प्रश्न येतो, तहसीलला विचारून घे. घरून वावरात नेताना बो बॅगेत, बाण वेगळ्या नळीत. सण, निवडणूक, मोर्चे असे दिवस आले की जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो आणि काठी-भाल्यापासून इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू घेऊन फिरायला बंदी असते. वर्तमानपत्रात आतल्या पानावर छोटी बातमी असते ती. त्या दिवसांत बो घरीच.

ज्याला रानात हिंडत, अंतर डोळ्यानं मोजत, प्राण्यावर नेम धरल्यासारखं वाटायला हवं, त्याच्यासाठी थ्री-डी तिरंदाजी आहे. फोमचे पूर्ण आकाराचे प्राणी झाडाझुडपांत ठेवतात, अंतर सांगत नाहीत, चालत जाऊन एकेक मारायचा. जागतिक संघटना तिच्या स्पर्धा भरवते. आपल्याकडं तो प्रकार फारसा रुजलेला नाही, पण पाच-सहा मित्र आणि एखादी चिंचेची-लिंबाची बाग असली तर सुरू करायला कोणाची हरकत नाही. फोमचं रानडुक्कर कुठल्याच अनुसूचीत नाही.

"मासे चालतात का" हाही प्रश्न येणार, म्हणून आधीच. रोहू-कटला या कायद्याचे वन्यप्राणी नाहीत. पण तलावातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थेकडं असतो, मासा त्यांचा. भटकं कुत्रं किंवा कुणाचं डुक्कर यावर बाण चालवणं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये जातं, ५ वर्षांपर्यंत.

शेवटी वेळेबद्दल. सराव दिवसा करायचा, आणि उजेड कमी व्हायच्या आत सामान आवरायचं. आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला होता, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतीच्या, दाट वस्तीच्या भागात १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि तितकीच तरसं निघाली. जंगलात नाही, शेतात. उसाच्या कडेचं वावर म्हणजे त्यांच्या जाण्यायेण्याची वाट. उसात घुसलेला बाण शोधायला संध्याकाळी एकट्यानं आत जायचं नाही, बाण गेला तर गेला. तोड चालू असताना बछडी सापडली तर हात लावायचा नाही, फोटोसाठी उचलायचं नाही, टोळीला बाजूला घ्यायचं आणि वनखात्याला कळवायचं. हेल्पलाइनचा नंबर १९२६.